रजा मिळाली तर भेटू

१२ डिसेंबर १९१४, शनिवार. महायुद्ध पेटून चार महिने झाले होते आणि ‘नाताळपर्यंत सगळं आटोपेल’ ही इंग्लंडमधली भाबडी आशा मावळत चालली होती. लंडनच्या वँड्सवर्थ भागात, रूथ रोडवरच्या एका घरी चार तरुण गॅसच्या शेगडीभोवती बसले होते. पाइप ओढत, एकमेकांना आपलं लिखाण ऐकवत, पुढे काय करायचं यावर वाद घालत त्यांनी ते शनिवार-रविवार काढले. या भेटीला त्यांनी मोठं भारदस्त नाव दिलं होतं, ‘लंडनची परिषद’. चौघांपैकी दोघे तोवर सैन्यात दाखल झाले होते. तिसरा पुढच्या वर्षी आरमारात गेला. चौथा पदवी पदरात पडेपर्यंत थांबला आणि मग तोही गेला. त्या चौथ्याचं नाव जॉन रोनाल्ड टॉल्किन, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा कर्ता.

टॉल्किनवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला इथे लिहायचं आहे ते त्या खोलीतल्या चौघांबद्दल. युद्ध चालू असताना त्यांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी जी धडपड केली, तिच्याबद्दल. अशी मैत्री आपसूक टिकते असा आपला समज असतो. या चौघांची पत्रं पाहिली की कळतं, त्यांनी ती कष्टाने टिकवली. रजेचे अर्ज, आगगाड्यांच्या वेळा, फसलेले बेत, पुन्हा नवे बेत.

चौघे बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेचे विद्यार्थी. ख्रिस्तोफर वाइझमन हा मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. गणितात हुशार, संगीताचा जाणकार, रग्बीच्या मैदानावर दणकट. रॉबर्ट गिल्सन मुख्याध्यापकांचा मुलगा, चित्रकलेत रमणारा, स्वभावाने मृदू. टॉल्किन लहानपणीच पोरका झालेला, भाषांच्या नादी लागलेला. जेफ्री बाख स्मिथ वयाने सगळ्यांत लहान आणि मनाने पूर्ण कवी. १९११ च्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत, शाळेच्या ग्रंथालयाची व्यवस्था पाहणाऱ्या मुलांनी तिथल्या खोलीत चोरून चहा करायला सुरुवात केली. पुढे ही मंडळी कॉर्पोरेशन स्ट्रीटवरच्या बॅरोज स्टोअर्स या दुकानाच्या चहागृहात जमू लागली. तिथे दोन उंच बाकांमधला एक कोपरा त्यांच्या हक्काचा झाला. चहावरून ‘टी क्लब’ आणि दुकानावरून ‘बॅरोव्हियन सोसायटी’, दोन्ही मिळून टी.सी.बी.एस. ही चार अक्षरं त्यांनी जन्मभर वापरली.

नंतर टॉल्किन ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात गेला, स्मिथ दोन वर्षांनी तिथल्याच कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात. वाइझमन आणि गिल्सन केंब्रिजला. शाळेतला कट्टा मोडून दोन विद्यापीठांत विभागला गेला की पुढे काय होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे. पहिली एक-दोन वर्षं उत्साह असतो, मग फक्त जुन्या गमती उरतात. यांच्याही बाबतीत तसं होऊ लागलं होतं. मंडळात आणखी काही मुलं होती, थट्टामस्करीत रमणारी, आणि भेटी म्हणजे शाब्दिक कोट्यांचा फड होऊन बसल्या होत्या. १९१४ च्या नोव्हेंबरात वाइझमनला ही गोष्ट खुपू लागली. आपण टॉल्किनपासून दूर तर जात नाही ना, अशी शंका त्याने पत्रातून उघड बोलून दाखवली. पत्रापत्री झाली आणि ठरलं, की आता चौघांनीच भेटायचं आणि मनातलं बोलायचं. वाइझमनचं कुटुंब लंडनला राहायला आलं होतं, म्हणून जागा तिथली.

बाकीच्यांना वगळण्याचा हा निर्णय मला कठोर वाटतो. वगळलेल्यांपैकी राल्फ पेटन जुलै १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत मारला गेला, टी. के. बार्न्सली ३१ जुलै १९१७ ला ईप्रजवळ. हसवणारी मुलंही त्याच मातीत गेली. तरीही त्या डिसेंबरात चौघांना जे हवं होतं ते गर्दीत मिळालं नसतं, हेही मान्य करायला हवं.

काय मिळालं त्यांना? टॉल्किनने सुमारे पावणेदोन वर्षांनी खंदकांच्या मुलुखातून स्मिथला लिहिलेल्या पत्रात ते सांगितलं आहे. मनात कोंडून राहिलेल्या कितीतरी गोष्टींना त्या बैठकीनंतर वाचा फुटली, अशा आशयाचं. बैठकीच्या आधी, सप्टेंबरात, त्याने एअरेंडेल नावाच्या नाविकावर एक कविता लिहिली होती. स्मिथने ती वाचून विचारलं, ही नेमकी आहे कशाबद्दल? टॉल्किनचं उत्तर होतं, की मलाही ठाऊक नाही, शोधून काढीन. त्या शोधातूनच पुढे त्याचं सगळं काल्पनिक जग उभं राहिलं. मित्राच्या लिखाणावर वाहवा करणारे पुष्कळ असतात. हा प्रश्न विचारणारा स्मिथ मला फार मोलाचा वाटतो.

पुढची भेट ठरवणं अवघड होत गेलं. गिल्सन सफोक रेजिमेंटच्या अकराव्या पलटणीत होता, स्मिथ लँकेशायर फ्युझिलिअर्सच्या एकोणिसाव्या पलटणीत. वाइझमन ‘सुपर्ब’ या युद्धनौकेवर शिक्षक-अधिकारी म्हणून जाणार होता. टॉल्किनने १९१५ च्या उन्हाळ्यात इंग्रजीत पहिला वर्ग मिळवला आणि जुलैत त्याला अधिकारपद मिळालं. चार छावण्या, चार वरिष्ठ, चार वेगळ्या रजा. एवढं सगळं जुळून आलं ते २५ सप्टेंबर १९१५ च्या शनिवारी. टॉल्किनचं प्रशिक्षण लिचफील्डजवळ चालू होतं, म्हणून बाकी तिघे तिकडे आले आणि जॉर्ज हॉटेलात उतरले. लिचफील्ड हे कोशकार सॅम्युअल जॉन्सनचं जन्मगाव. चौघे गावात हिंडले, त्याचं घर पाहिलं, रात्री गप्पा झाल्या. चौघे एकत्र आले ते त्यानंतर कधीच नाही.

स्मिथ नोव्हेंबरात फ्रान्सला गेला, गिल्सन जानेवारीत. आता सगळी भिस्त टपालावर होती, आणि ब्रिटिश टपाल खात्याने त्या काळात केलेलं काम थक्क करणारं आहे. लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये त्यांनी सुमारे पाच एकरांवर एक अवाढव्य लाकडी इमारत उभारली. आघाडीवर जाणारी पत्रं तिथे पलटणीनुसार लावली जात. ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं तिथून जात, आणि निवडणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या, कारण पुरुष खंदकांत होते. पाकिटावर गावाचं नाव नसे, फक्त माणसाचं नाव, हुद्दा आणि पलटण. पलटण आज कुठे आहे हे टपाल खात्याने शोधायचं. इतकं असूनही साध्या सैनिकाला घरचं पत्र दोन-तीन दिवसांत मिळे. सैनिकांची पत्रं त्यांचा अधिकारी वाचून तपासत असे. अधिकाऱ्याने मात्र स्वतःच्या पत्रात लष्करी माहिती न देण्याची जबाबदारी आपल्या इभ्रतीवर घ्यायची. टॉल्किनने पत्नी एडिथशी ठिपक्यांची सांकेतिक खूण ठरवली होती. त्यावरून तो कुठे आहे हे ती घरी नकाशावर पाहत असे.

या टपालातून चौघांमध्ये कविता फिरत. टॉल्किन घरी नवी कविता उतरवून काढी आणि एकाला पाठवी. तो वाचून, मत लिहून पुढच्याकडे धाडी. वाइझमन झडझडून टीका करायचा, त्याला टॉल्किनची अद्भुतरम्यता नेहमी पटत नसे. स्मिथने टॉल्किनची ‘कॉर्टिरिअन’ ही दीर्घ कविता खंदकात जपून ठेवली होती. ३ फेब्रुवारी १९१६ च्या रात्री स्मिथला शत्रूच्या तारांजवळ गस्तीवर जायचं होतं. निघण्यापूर्वी त्याने टॉल्किनला पत्र लिहिलं. त्यात त्याने कविता छापून काढच असा आग्रह धरला, चौघांपैकी एखादा गेला तरी टी.सी.बी.एस. संपणार नाही हे ठासून सांगितलं आणि मला जे म्हणायचं होतं ते माझ्यामागे तू म्हण, असं साकडं घातलं. तो एकवीस वर्षांचा होता. टॉल्किनने खरोखरच आपला संग्रह सिजविक अँड जॅक्सन या प्रकाशकांकडे पाठवला. मार्चअखेर तो साभार परत आला.

मग सॉम. १ जुलै १९१६, सकाळी साडेसात. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा हरवली. त्यांत १९,२४० मृत. ला ब्वासेल गावाजवळ गिल्सनची पलटण उघड्या मैदानातून पुढे सरकत होती. वरचा अधिकारी पडल्यावर गिल्सनने तुकडी हाती घेतली, शांतपणे माणसांना पुढे नेलं आणि तोफगोळ्याने मारला गेला. वय बावीस.

टॉल्किन तेव्हा संदेशवहन अधिकारी म्हणून त्याच आघाडीच्या मागे येऊन पोहोचला होता. ६ जुलैला बूझँकूर या खेड्यात त्याची आणि स्मिथची गाठ पडली. आजूबाजूला जखमींचे तांडे, आणि दोघे मिळेल त्या वेळात कवितांवर आणि पुढच्या दिवसांवर बोलत होते. गिल्सनचं काय झालं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते स्मिथला कळलं वर्तमानपत्रातल्या यादीतून. १५ जुलैला त्याने टॉल्किनला चार ओळी लिहिल्या. टॉल्किन पहिल्याच चकमकीतून परतला तेव्हा ते पत्र त्याची वाट पाहत होतं.

या मृत्यूनंतर तिघांत जो वाद झाला, तो मला या सगळ्या पत्रव्यवहाराचा गाभा वाटतो. ऑगस्टमध्ये टॉल्किनने स्मिथला लांबलचक पत्र लिहिलं. आपण चौघे मिळून जगाला काही नवा उजेड देऊ, असं त्याला मनापासून वाटत आलं होतं. आता रॉब, म्हणजे गिल्सन, गेला, तेव्हा आपला गट संपला, असं त्याने लिहिलं. आपण एका पूर्ण गोष्टीचा भाग आहोत असं आता वाटत नाही, हेही कबूल केलं. स्मिथने हे साफ नाकारलं. वाइझमननेही. स्मिथने तर पत्रावर भागवलं नाही, संधी मिळताच तो टॉल्किनला येऊन भेटला, पुन्हा पुन्हा. त्यांचं शेवटचं एकत्र जेवण बूझँकूरलाच झालं, तेही तोफांच्या माऱ्यात. मित्राचं दुःख समजून घेऊनही त्याच्या निष्कर्षाला नकार देणं सोपं नसतं. स्मिथने ते केलं.

ऑक्टोबर संपता संपता उवांतून पसरणाऱ्या ट्रेंच फीवरने टॉल्किनला गाठलं. ८ नोव्हेंबरला ‘अस्तुरियास’ या रुग्णनौकेवरून तो इंग्लंडला निघाला. स्मिथ मागे राहिला. २९ नोव्हेंबरला, आघाडीपासून मागे असलेल्या सुआस्त्र गावात, तो आपल्या माणसांसाठी फुटबॉलचा सामना ठरवत होता. रस्त्याने चालताना गोळा फुटला आणि त्याचे तुकडे हातात व मांडीत घुसले. जखम गंभीर नाही, असं त्याने आईला कळवलंसुद्धा. पण जखमेत गॅस गँग्रीन झालं आणि ३ डिसेंबरला तो गेला. त्याचंही वय बावीस. टॉल्किनला ही बातमी वाइझमनने जहाजावरून पत्राने कळवली.

स्मिथच्या आईने दोघा मित्रांना मुलाच्या कविता गोळा करायला सांगितलं. जानेवारी १९१७ मध्ये तिचा दुसरा मुलगा रॉजर मेसोपोटेमियात मारला गेला. आपल्या पूना डिव्हिजनने आणि तिच्यातल्या मराठा पलटणींनी कूतचा वेढा सोसला तीच ती आघाडी. टॉल्किन आणि वाइझमन यांनी कविता निवडल्या, लावल्या, आणि १९१८ मध्ये ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’ हा संग्रह लंडनहून प्रसिद्ध झाला. प्रास्ताविक टॉल्किनचं, अगदी थोडक्यात.

१९१७ च्या वसंतात टॉल्किन हॅरोगेटला उपचार घेत होता. तेव्हा वाइझमन रजेवर आला आणि थेट त्याच्याकडे गेला. जटलंडच्या समुद्रयुद्धातून वाचलेला वाइझमन पुढे टाँटनच्या क्वीन्स कॉलेज या शाळेत मुख्याध्यापक झाला. टॉल्किनने १९२४ मध्ये जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचं नाव ख्रिस्तोफर ठेवलं. वडिलांच्या मागे त्यांचं अप्रकाशित लिखाण जगापुढे आणणारा तो हाच. मधली काही दशकं दोघांच्या भेटी विरळ झाल्या, म्हातारपणी पुन्हा सूर जुळले. मे १९७३ मध्ये, मृत्यूच्या तीन-साडेतीन महिने आधी, टॉल्किनने वाइझमनला पत्र लिहिलं. त्यातल्या सहीपुढे त्याने टी.सी.बी.एस. ही चार अक्षरं लिहिली आहेत.

टॉल्किनची पुस्तकं आणि त्यांवरचे चित्रपट आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहेत. माझी एक विनंती आहे. त्या कादंबऱ्या पुन्हा हाती घ्याल तेव्हा जेफ्री बाख स्मिथचाही तो छोटा संग्रह वाचा. त्याचे हक्क केव्हाच संपले आहेत, इंटरनेटवर तो विनामूल्य मिळतो. सगळ्याच कविता पक्व नाहीत, पण त्यांतल्या काही फार चांगल्या आहेत, आणि त्यांना अजून वाचक हवे आहेत.