रकाना भरला, पुढे काय? डिमेन्शियाबद्दलचे गैरसमज

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी थोडे वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? अंघोळ, कपडे, जेवण यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतं का? म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर डिमेन्शियाची चौकशी निदान कागदावर तरी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवावं, असंही तोच फॉर्म सांगतो. गाडी अडते ती त्यापुढे. मेंदूचे डॉक्टर नाशिक-मुंबईला, इथे कुठून येणार, असं याचं कारण सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कारण या आजाराबद्दलच्या घट्ट समजुतींत आहे, आणि त्या फक्त पाड्यावरच्या माणसांच्या नाहीत, दवाखान्यातल्याही आहेत.

वय झालं की असं व्हायचंच, ही सगळ्यात जुनी समजूत. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात घरच्यांना लक्षणं नीट ठाऊक असल्याचं दिसलं; मात्र ती म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होण्याची रीत होती. वयाबरोबर नाव पटकन आठवत नाही, वस्तू ठेवलेली जागा सापडत नाही, हे होतंच. पण जन्मभर भातलावणी केलेली बाई रोपांची मूठ हातात घेऊन चिखलात उभी राहते आणि पुढे काय करायचं ते तिला उमगत नाही, किंवा रोजच्या पाणवठ्यावरून परतताना ती घरची वाट चुकते, तेव्हा दोष वयाला देऊन चालत नाही. तिला ऐंशी वर्षं झाली असली तरी नाही. हा आजार शहरातल्या शिकल्यासवरल्यांचा, हा समज तर पुराव्याच्या अगदी उलटा आहे. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत त्याचं प्रमाण जास्त आहे. निरक्षर माणूस चाचणीत उगाच नापास होतो म्हणून आकडा फुगला असेल, ही शंका रास्त आहे. पण त्या पाहणीत घरच्या माणसांकडूनही माहिती घेतली होती आणि निर्णय डॉक्टरांनी एकमताने दिला होता. 2011 च्या जनगणनेत जव्हार तालुक्यात सुमारे 1 लाख 40 हजार आणि मोखाड्यात 83 हजार माणसं होती. त्यांतली शंभरात सात साठीपुढची धरली आणि पाहणीचं प्रमाण लावलं, तर आकडा हजारापुढे जातो. हा ढोबळ हिशेब झाला. पण तो निम्म्यावर आणला तरी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला अनेक घरं येतातच.

डोक्याचा फोटो काढल्याशिवाय निदान होत नाही, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो डॉक्टरलाही हात झटकायची सोय देतो. सीटी स्कॅनचा उपयोग आहेच. माणूस पडल्यावर डोक्यात रक्त साकळलं आहे का, गाठ आहे का, हे त्यात कळतं. डिमेन्शिया मात्र मुख्यतः हकिकतीवरून ओळखतात. आधी काय जमत होतं, आता काय जमत नाही, बिघाड किती महिन्यांत आणि कसा वाढला, हे रोज सोबत राहणाऱ्या माणसाकडून काढून घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची ‘एमएचगॅप’ मार्गदर्शिका हे काम तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी कसं करावं ते सांगते. प्रश्न मात्र जागेचं भान ठेवून विचारले पाहिजेत. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात संशोधकांनी परदेशी चाचणी निरक्षरांसाठी बदलून घेतली. वाक्य लिहून दाखवा, याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा, असा प्रश्न आला. इथेही तारीख विचारण्यात हशील नाही. आठवड्याचा बाजार कधी भरतो, सध्या शेतात कसलं काम चालू आहे, हे विचारावं. पाड्यावरच्या माणसाला घराचा पत्ता विचारण्यापेक्षा पाड्याची वाट विचारलेली बरी, आणि तीही वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या माणसाने. कमी शिकलेल्यांना हे ओळखता येईल का? केरळात थ्रिसूर भागात स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी संशय घेतलेल्या दर तिघांपैकी साधारण दोघांना खरोखरच डिमेन्शिया निघाला. तिसऱ्याचं काही बिघडलं नाही. त्याची तपासणी तेवढी झाली.

त्या तिसऱ्याकडे नीट पाहिलं, तर ‘बरा होत नाही, मग निदान कशाला’ या आक्षेपाचं निम्मं उत्तर मिळतं. थायरॉइड मंदावणं, बी-12 ची कमतरता, खोल नैराश्य, वर्षानुवर्षांची दारू, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस विसरायला लागतो, गोंधळतो. आणि यातलं बरंचसं दुरुस्त होतं. दोन-चार दिवसांत एकाएकी बरळायला लागलेल्या म्हातारीला डिमेन्शिया समजू नये. ताप, मलेरिया, लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी होणं हे आधी पाहावं, कारण उशीर झाला तर जीव जातो. कित्येकांना तर नुसतं ऐकू येत नसतं किंवा मोतीबिंदूने दिसत नसतं. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाच्या धोक्याची बदलता येण्याजोगी 14 कारणं सांगितली, त्यांत कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं दोन्ही आहेत. रक्तदाब आणि मधुमेहही आहेत, ज्यांच्या गोळ्या आरोग्य केंद्रात आजही मिळतात. खरा डिमेन्शिया निघाला तर औषधांचा गुण बेताचाच, हे कबूल. पण नाव कळलं की घरातली भांडणं थांबू शकतात. ‘सुनेने पैसे चोरले’ हे सासूचं बोलणं आजाराचं आहे, हे सुनेला समजणं थोडं नव्हे. भुताळीचा संशय अजून पुरता न गेलेल्या भागात रात्री-अपरात्री भटकणाऱ्या, एकटीच पुटपुटणाऱ्या म्हातारीसाठी तर आजाराचं नाव ही सुरक्षितता आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा गुन्हा घडल्यावर उपयोगी पडतो. डॉक्टरचा शब्द त्याआधी पडू शकतो. झाडफूक करणाऱ्या भगताला खिजवून मात्र तो उपयोगी पडणार नाही. लोक आधी त्याच्याकडे जातात, तेव्हा पेशंट दवाखान्यात धाडण्याच्या कामात त्याला सोबत घेतलेलं बरं.

घरचे सांभाळतातच की, असं म्हणणाऱ्यांना सांभाळणं म्हणजे काय हे माहीत नसतं. ते बहुधा एकाच बाईवर पडतं. गोव्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन अशा कुटुंबांना आजार समजावला, चिडचिड आणि भटकणं कसं हाताळावं ते दाखवलं, सरकारी मदतीची माहिती दिली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण स्पष्टपणे कमी झाला. इथे त्याची निम्मी चौकट तयार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्याचा दवाखाना राष्ट्रीय कार्यक्रमातच धरलेला आहे, आणि फोनला रेंज असेल तिथे 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. जिथे कुपोषणाने मुलं जातात, जिथे आशाताई आधीच कामाने वाकलेल्या आहेत, तिथे म्हाताऱ्यांच्या विसरण्याची चैन कशाला? नवी मोहीम, नवं रजिस्टर नकोच; मानधन न वाढवता आशाताईंवर आणखी एक काम टाकणंही अन्यायाचं आहे. पण हे दोन प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत. दिवाळीनंतर तरुण जोडपी वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. पोरं सोबत नेली नाहीत, तर ती आजीजवळ राहतात. त्या आजीला चुलीवर काय ठेवलं हे आठवत नसेल, नातवाने खाल्लं की नाही हे सांगता येत नसेल, तर अंगणवाडीच्या वजनकाट्यावर उतरलेलं वजन तिच्याही आजाराचं असू शकतं. अशा मुलाच्या घरी आशाताई जाणारच असतात; त्याच फेरीत आजीचे दोन प्रश्न विचारता येतात. हकीकत सांगणारा मुलगा मात्र तेव्हा भिवंडी-वसईकडे असतो. म्हणून साठीपुढच्यांचा फॉर्म मार्चअखेरचं टार्गेट गाठायला हिवाळ्यात भरून घेण्यापेक्षा लावणीच्या दिवसांत भरावा. तेव्हा सगळं घर गावात असतं, आणि म्हातारीला काय जमेनासं झालं आहे हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.