नावेवरची शोभेची पट्टी

कॅनडा-अमेरिकेत हौशी माणसे ‘कनू’ ही वल्ह्याची निमुळती होडी घरीच बांधतात. साच्यावर सीडर लाकडाच्या पाव इंच जाड पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि आतबाहेर काचतंतूचे कापड राळेने बसवायचे. मधे एखादी गडद पट्टी घातली, की नाव खुलते. पण ही पट्टी वरून डकवलेली नसते. नावेची भिंतच असते ती! म्हणून तिची जाडी इतरांइतकीच हवी.

आता लाकूड कोणते? सीडर मऊ, आक्रोड कठीण. दोन्ही एकत्र घासले, तर आक्रोड उंच राहतो, शेजारचा सीडर झिजून पातळ होतो, आणि नाव तिथेच कमजोर पडते. त्यापेक्षा सीडरमधलीच गडद पट्टी निवडावी. काचकागद लांब फळीला लावून घासावे, म्हणजे खळगे पडत नाहीत.