स्पायडरमॅनचं चुकलं कुठं?

तुम्ही म्हणाल, लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या दिवसांत हिला स्पायडरमॅन कुठून आठवला? मैत्रिणींनो, दोष माझा नाही, आमच्या चिरंजीवांचा आहे. शाळेला सुट्टी, बाहेर ऊन मी म्हणतंय. 'आई, तूपण बैस ना!' म्हणून त्यानं मला टीव्हीपुढे हात धरून बसवलं. मीही चिंच निवडायचं ताट पुढ्यात ओढलं. म्हटलं, डोळे तिकडे, हात इकडे.

लागला होता 'स्पायडरमॅन ३'. २००७ च्या मे महिन्यात तो थिएटरात आला, तेव्हा मी बी.ए.ला होते. आपल्याकडे तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीतही आला होता. आम्ही भावंडं मिळून गेलो आणि नको तिथे पोट धरधरून हसलो! काळा पोशाख अंगाला चिकटल्यावर तो साधाभोळा पीटर केसांची झुलपं कपाळावर आणून न्यूयॉर्कच्या रस्त्यात नाचत सुटतो, ते पाहून तर हसू आवरेना. जगभर तसंच झालं. दिग्दर्शक सॅम राइमी यांचे २००२ आणि २००४ चे पहिले दोन भाग लोकांनी डोक्यावर घेतले होते. तिसऱ्यानं कमाई दोघांहून जास्त केली, पण प्रेक्षकांत फूट पडली.

नाराज लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका पानात किती पदार्थ वाढायचे, याला काही मर्यादा? इथे खलनायकच तीन. वाळूचा माणूस, बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला मित्र हॅरी आणि तो काळा व्हेनम. हा व्हेनम राइमींच्या मनातला नव्हता. तो चाहत्यांचा लाडका म्हणून निर्मात्यांनी आग्रहानं घ्यायला लावला. पाहुण्यांच्या आग्रहाखातर ऐन वेळी केलेल्या पदार्थासारखी त्याची चव उतरली. पुढे राइमींनी स्वतःच कबूल केलं, की सगळ्या पात्रांवर आपला जीव नव्हता, म्हणून सिनेमा बिघडला. चौथा भाग व्हायचा होता, तो २०१० च्या जानेवारीत रद्द झाला. म्हणजे त्या मालिकेचा शेवट झाला तो हाच.

पण मैत्रिणींनो, परवा चिंचोके काढता काढता माझा हात थांबला, तो वेगळ्याच जागी.

मेरी जेन, पीटरची मैत्रीण, जवळजवळ वाग्दत्त वधूच म्हणा ना. तिला मोठ्या नाटकात गायची संधी मिळते आणि दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात तिच्यावर टीका छापून येते. ती हिरमुसून पीटरला सांगते. आणि हा काय म्हणतो? सवय करून घे, मलाही लोक नावं ठेवतात! तो वाईट नाही हो. त्याला वाटतं, आपण धीरच देतोय. पण बोलणं तिचं चाललेलं असताना गोष्ट त्याची होऊन बसते. पुढे तिची भूमिका जाते. त्याच दिवशी सारं शहर त्याचा सत्कार करत असतं, आणि भर गर्दीत तो दुसऱ्याच मुलीला चुंबन घेऊ देतो. भूमिका गेल्याचं ती त्याला सांगतच नाही.

वीस वर्षांची असताना मला ही मुलगी रडकी वाटली होती. आता तसं म्हणवेना. मागे एकदा वरिष्ठांसमोर घेतलेला माझा एक पाठ साफ फसला होता. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, 'अगं, चालायचंच! ऑफिसात मी रोज बोलणी खातो.' आणि ऑफिसची हकीकत सुरू झाली. मी काही बोलले नाही. कुकर लावला.

काळा पोशाख वगैरे नंतरचं. त्या भरात पीटरचा हात मेरी जेनवर पडतो, ती जमिनीवर कोसळते. पण घसरण सुरू झाली ती आधी, साध्या घरगुती बोलण्यात. मे काकू त्याला अंगठी देताना हेच बजावते, की नवऱ्यानं बायकोला स्वतःच्या आधी ठेवायला हवं, जमेल का तुला? मारामारीच्या सिनेमात हा प्रश्न विचारलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

आणि ती वाळूच्या माणसाची गोष्ट! आजारी मुलीसाठी चोरी करणारा बाप. अंगाची वाळू झाल्यावर तो पुन्हा उभा राहू पाहतो, ते मुलीचं लॉकेट उचलायला. बेन काकांचा जीव याच्याच हातून, नकळत गेलेला. पीटर काकूला सांगतो, की स्पायडरमॅननं त्याला मारलं. त्याला वाटतं, काकूला बरं वाटेल. ती मात्र हादरते. सूड विषासारखा माणसात भिनतो, म्हणते. शेवटी पीटर त्या माणसाला क्षमा करतो आणि तो वाळू होऊन वाऱ्यावर निघून जातो.

सिनेमा संपला, तसा लेकानं विचारलं, 'आई, तो जिंकला ना? मग लग्न का नाही झालं?' खरंच, अंगठी नाही, अक्षता नाहीत. ती गात असते, तो येऊन हात पुढे करतो आणि दोघं न बोलता सावकाश नाचतात. तेव्हा बऱ्याच जणांना हा शेवट अळणी वाटला. मला आता तोच खरा वाटतो. माफी मागायला शब्द पुरत नाहीत, तेव्हा हातच पुढे करावा लागतो. २०२१ च्या एका सिनेमात तोच पीटर पुन्हा दिसला आणि सांगून गेला, की गुंता होता, वेळ लागला, पण आमचं जमलं.

लेकाला काय उत्तर द्यावं, सुचेना. मग आठवलं, शाळेच्या खो-खो संघात निवड झाली नाही म्हणून तो रडत आला होता, तेव्हा मीही 'त्यात काय एवढं!' म्हणून पोळ्या लाटत राहिले होते. म्हणजे बोट फक्त यांच्याकडे दाखवून भागणार नाही. मी ताट बाजूला ठेवलं नि म्हटलं, 'त्या खो-खोचं नीट सांगितलंच नाहीस मला. आता सांग.' अर्धा तास तो बोलत होता.

तुमच्या घरात असं अर्धवट राहिलेलं कुणाचं सांगणं आहे का हो? एकदा विचारून पाहा. चिंच काय, उद्याही निवडता येते.