संत्र्याचा रंग कोणी सांभाळायचा?

वरूड-मोर्शीच्या बागांतला आंबिया बहार तोडणीस आला म्हणजे जो तेजाळ केशरी रंग दृष्टीस पडतो, तो कॅमेऱ्यात बराचसा उतरतो, संगणकाच्या पडद्यावर अधिकच खुलतो आणि कागदावर आल्यावर मात्र हटकून मावळतो. कारण पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग सिद्ध करतो, तर ऑफसेट यंत्रापाशी सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी एवढ्या चारच शाया असतात. अकोल्याकडच्या कापसाची कथा निराळी. तिथे पांढरी शाईच नसल्यामुळे बोंडाची शुभ्रता सर्वस्वी कागदाच्या पदरची, आणि वृत्तपत्राचा कागद तर मुळातच मळकट!

प्रकाशाच्या रंगांचे शाईच्या रंगांत रूपांतर करण्याचे हे काम पूर्वी निर्विवादपणे छापखान्याच्या अखत्यारीतले होते. आता लग्नाच्या अल्बमापासून कृषिपुस्तिकेपर्यंत कुठल्याही कामात ‘फाइल सीएमवायके करून द्या’ असे छायाचित्रकारालाच फर्मावले जाते. छायाचित्रकाराने छपाईत लक्ष घालू नये, असे माझे म्हणणे नाही. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केलेले दादासाहेब फाळके पुढे ब्लॉक आणि रंगीत छपाईच्या धंद्यात शिरले व १९०९ च्या सुमारास त्यासाठी जर्मनीलाही जाऊन आले; परंतु कागद, शाई आणि यंत्र ही तिन्ही त्यांच्या नजरेखालची होती. आजच्या छायाचित्रकाराला छापखान्याचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि तशा स्थितीत त्याने रूपांतर करावे म्हणजे माप न घेता अंगरखा बेतावा.

फोटोशॉपमध्ये मुळात अमेरिकी छपाईचे प्रमाण घालून दिलेले असते. त्यात एका जागी चारही शायांची बेरीज 300 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वृत्तपत्राचा कागद साधारण 240 टक्क्यांपलीकडची शाई सोसत नाही, आणि त्यावर ठिपकेही इतके पसरतात की निम्म्या व्याप्तीचा ठिपका छापून निघेपर्यंत पाऊणाच्या घरात जातो. मग मेळघाटातल्या सागाखालची सावली चिखलासारखी दिसू लागली, तर तक्रार मात्र छायाचित्रकाराकडे येते. शिवाय रूपांतरात एकदा गमावलेला केशरी रंग फाइल पुन्हा आरजीबी केल्याने परत येत नाही.

तेव्हा मूळ आरजीबी फाइल जपून ठेवावी, छापखान्याकडून त्याच्या कागदाचा प्रोफाइल मागून घ्यावा, आणि तो मिळत नसल्यास रूपांतर बिनदिक्कत त्याच्यावरच सोपवावे. इतके करूनही ते काम गळ्यात पडलेच, तर त्याची मजुरी बिलात वेगळी लावावी, आणि निदान पुस्तिका व कॅलेंडर यांच्या बाबतीत तरी नेमलेल्या कागदाच्या प्रूफवर ग्राहकाची सही झाल्याखेरीज प्लेटा काढू देऊ नयेत.