गर्भाला आकार कोण देतें?

अंड्यांतून जीव घडतो, हें नित्याचेंच असल्यामुळें त्यांतील नवल सहसा कोणास जाणवत नाहीं. आरंभीं गर्भ म्हणजे पेशींचा एक गोळाच. त्यांतील अमुक पेशींनीं मेंदूचें रूप घ्यावें आणि अमुक पेशींनीं पोटाच्या कातडीचें, हें ठरवितें कोण? या प्रश्नाचें मोठें उत्तर जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें, हिल्डे मांगोल्ड या तरुण विद्यार्थिनीच्या हातून मिळालें.

प्राध्यापक हान्स स्पेमान यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं १९२१ व १९२२ सालीं हे प्रयोग केले. दिसण्यांत पालीसारखा, पण कुळानें बेडकाचा नातलग असा न्यूट नांवाचा एक प्राणी आहे. त्याच्या दोन जाती त्यांनीं निवडल्या. एकीचा गर्भ फिकट, दुसरीचा काळसर. गर्भाच्या ज्या फटींतून बाहेरच्या पेशी आंत वळूं लागतात, तिच्या वरच्या ओठाचा इवलासा तुकडा फिकट गर्भांतून काढून काळसर गर्भाच्या पोटाच्या बाजूस बसवावयाचा, असा हा प्रयोग. गर्भ मोहरीच्या दाण्याएवढा आणि हत्यारें कांचेच्या सुया व केसांचे फांस! प्रतिजैविक औषधें तेव्हां नव्हतीं; बहुतेक गर्भ दगावले.

परंतु जे थोडे जगले, त्यांच्या पोटावर दुसरा गर्भ उगवूं लागला! त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां रंगांनींच साक्ष दिली. कण्याचा आद्य दंड मुख्यतः फिकट, म्हणजे पाहुण्या पेशींचा होता. पण मज्जारज्जूचा बहुतेक भाग काळसर, म्हणजे यजमानाच्याच पेशींचा होता. पोटाची कातडी व्हावयाच्या पेशींना पाहुण्यानें नवें काम शिकविलें होतें. म्हणून त्या भागास ‘संघटक’ हें नांव मिळालें.

हा प्रबंध १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर स्पेमान यांचें नांव आधीं व मांगोल्ड यांचें नंतर होतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, लहानग्या मुलास मागें ठेवून, भाजल्यामुळें त्यांचा अंत झाला. वय अवघें पंचवीस. १९३५ सालचें नोबेल पारितोषिक या शोधाबद्दल एकट्या स्पेमान यांस मिळालें.

संघटक बोलतो कोणत्या भाषेंत, हें कळण्यास मात्र सत्तर वर्षें लागलीं. १९९२ सालीं नॉगिन व १९९४ सालीं कॉर्डिन हीं प्रथिनें बेडकाच्या गर्भांत सांपडलीं. पेशींना कातडी होण्यास भाग पाडणारा रासायनिक संदेश तीं अडवितात. तो अडला, कीं त्याच पेशी मज्जासंस्थेकडे वळतात. पक्षी व सस्तन प्राणी यांच्या गर्भांतही असे संघटक आढळले आहेत. एका विद्यार्थिनीनें विचारलेल्या प्रश्नाची व्याप्ति अशी मोठी निघाली.