दोन मीटर धागा, १४७ अक्षरांचं रीळ!

बारावीला बायोलॉजी घेतलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, 'एका पेशीत डीएनए किती लांब?' उत्तर येईल, २.२ मीटर. नीटच्या एमसीक्यूसाठी ते पाठच असतं. आठ हिस्टोन, भोवती डीएनए, झाला न्यूक्लिओसोम. चार मार्क खिशात, पुढचा प्रश्न!

पण जरा थांबा. डीएनएचं हे पॅकिंग आपण एका पानावर वाचतो आणि जनुकाची रचना भलत्याच पानावर. दोघांचं एकमेकांशी काही नातं असेल, हे डोक्यातही येत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे.

आधी उजळणी. एवढा लांब धागा जेमतेम काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावायचा, तर तो गुंडाळायलाच हवा. आठ हिस्टोनचं एक छोटं रीळ बनतं आणि त्यावर सुमारे १४७ अक्षरांचा डीएनए जवळपास पावणेदोन वेढे घेतो. रीळ, थोडा मोकळा दोरा, पुन्हा रीळ... ही माळ म्हणजे क्रोमॅटिन.

आता जनुक. ते सलग नसतं, हे १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी दाखवलं. त्याबद्दल दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं. कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन, मधला पसारा म्हणजे इंट्रॉन. पेशी आधी सगळ्याचीच आरएनए कॉपी काढते, मग इंट्रॉन कापून एक्झॉन जोडते. हेच स्प्लायसिंग. माणसाचे इंट्रॉन बऱ्याचदा हजारो अक्षरांचे, एक्झॉन मात्र साधारण दीडशेचे.

दीडशे? आणि रिळावर १४७? पेटली ना ट्यूब! २००९ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी जीनोमभरचा डेटा चाळला, तेव्हा इंट्रॉनपेक्षा एक्झॉनवर रिळं जास्त दिसली. एच३ हिस्टोनच्या शेपटीवरची एक रासायनिक खूणही (३६व्या लायसिनवर तीन मिथाइल गट) एक्झॉनवर जास्त सापडली.

याचा उपयोग काय? कॉपी चालू असतानाच बरंचसं स्प्लायसिंगही चालू असतं. कॉपी काढणारं यंत्र वाटेतल्या रिळांवर अडखळतं. त्याचा वेग बदलला, की कोणता एक्झॉन ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हेही बदलू शकतं. काही एक्झॉनना हळू चाल मानवते, काहींना उलट.

लगेच 'सापडलं कोडं' म्हणून नाचू नका हं. एक्झॉनमध्ये जी आणि सी ही अक्षरं जास्त असतात आणि असा डीएनए रिळावर सहज बसतो. म्हणजे जोडी जुळण्यामागे काही अंशी निव्वळ अक्षरांचा क्रमही असेल. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते, असं नसतं.

मग खरी परीक्षा कुठे? आजारात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आजारात लहान मुलांचे स्नायू दुबळे होत जातात. त्यांच्यातलं एसएमएन१ जनुक निकामी असतं. जुळं जनुक एसएमएन२ शाबूत असतं, पण स्प्लायसिंगमध्ये त्याचा सातवा एक्झॉन बहुतेकदा गळतो. नुसिनर्सेन हे औषध तो गळू देत नाही. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे २०२२ मध्ये अल्बर्टो कॉर्नब्लिट आणि एड्रियन क्रेनर यांच्या गटांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. अशा औषधामुळे त्याच जनुकावरचं क्रोमॅटिन घट्ट होतं आणि कॉपी यंत्राची वाट अडते, म्हणजे औषधच स्वतःचा परिणाम थोडा मारतं! सोबत क्रोमॅटिन सैल करणारं व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड दिल्यावर उंदरांमध्ये गुण जास्त आला. माणसांसाठी हा अजून उपचार नाही, पण दिशा नक्कीच आहे.

म्हणून पुढच्या वेळी न्यूक्लिओसोमची आकृती काढताना फक्त लेबलं देऊ नका. त्या रिळावर जनुकाचा कोणता तुकडा बसला असेल, हेही स्वतःला विचारा. मार्क चारच मिळतील, पण प्रश्न तुमचा असेल.