रॉक अँड रोल रेनेगेड (अल्बम)

रॉक अँड रोल रेनेगेड हा रॉक मशीन या मुंबईतील रॉक बँडचा पहिला अल्बम होय. तो १९८८ साली प्रकाशित झाला. त्यातील गीते इंग्रजी असली, तरी ती बँडची स्वतःची आहेत. भारतीय रॉक संगीताच्या इतिहासात या अल्बमचे महत्त्व प्रामुख्याने याच कारणासाठी मानले जाते.

पार्श्वभूमी

रॉक मशीनची स्थापना १९८४ साली झाली. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) आणि मार्क सेल्विन (बेस गिटार) हे त्याचे प्रमुख सदस्य होत. त्या काळी महाविद्यालयीन महोत्सवांत बहुतेक बँड गाजलेली परदेशी गाणी जशीच्या तशी सादर करीत आणि श्रोत्यांची मागणीही तीच असे. रॉक मशीनचा आरंभही अशाच गाण्यांनी झाला. पुढे बँड स्वरचित गीतांकडे वळला. ओळखीची गाणी सोडल्यास श्रोते दुरावण्याचा धोका होता. तो पत्करून हा अल्बम काढण्यात आला.

नंतरचे अल्बम

*द सेकंड कमिंग* हा दुसरा अल्बम १९९० साली आला. १९९३ साली बँडने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. यातील 'इंडस' हे सिंधू नदीचे इंग्रजी नाव आहे. याच नावाचा अल्बम १९९५ साली प्रकाशित झाला. त्यानंतर काही वर्षांतच बँड विसर्जित झाला. २०१० साली तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली *इव्हॉल्व्ह* हा अल्बम प्रकाशित झाला.